व्हेस्नाचं पाणी

चाळिसाव्या सकाळीही द्रागानाने व्हेस्नाचंच नाव घेतलं.

त्राइलो ओसरीवर बसून ऐकत होता. अंगणाच्या खालच्या टोकाला अक्रोडाचं झाड होतं, झाडाखाली झरा होता आणि त्याची सून तिथे बादली भरत होती. बादली भरली की ती सरळ उभी राहायची, डोक्याचा रुमाल नीट करायची आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा स्वच्छ आवाजात म्हणायची, "हे पाणी व्हेस्नाला पोचो." मग वरच्या आळीतल्या एका घरी ती बादली रिकामी करून यायची, ओसरीच्या खांबाला टांगलेली वाळुंजाची काठी काढायची आणि चाकूने तिच्यावर एक खाच पाडायची. काठीवर एकोणचाळीस खाचा होत्या. आजची चाळिसावी.

त्याच्या बायकोचं नाव ब्रिंदुशा होतं.

माणूस गेलं की चाळीस दिवस कुणीतरी त्याच्या नावाने पाणी वाहायचं. ज्याला हाक मारून द्यावं त्यालाच ते तिकडे मिळतं. ज्याला हाक मारली नाही तो कोरड्या घशाने उभा राहतो. चाळिसाव्या दिवशी सगळ्यांसमक्ष ओढ्यावर जाऊन ते पाणी सोडायचं, म्हणजे मग त्याचं पाणी कायमचं त्याचं होतं. क्राकू गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं, गावात पोरं होती तेव्हा.

आता पोरं व्हिएन्नाला होती. पाणी वाहायला न्हाती न झालेली मुलगी लागते, नाहीतर विटाळ थांबलेली बाई. त्राइलोची थोरली बहीण लेंका या कामात मुरलेली, पण तिचं खुब्याचं हाड गेल्या वर्षी मोडलं होतं. बाकीच्या म्हाताऱ्या आपापल्या गुडघ्यांचं रडगाणं सांगत बसल्या. तेव्हा मातीहून परत येतानाच द्रागाना म्हणाली होती, मी वाहीन. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. विटाळ तिचा थांबला होता, पण ती बाहेरची. द्रागाना सर्ब, तिकडच्या मध्य सर्बियातल्या शुमादियाची; हे गाव व्लाखांचं, रुमानियनशी नातं असलेली बोली बोलणाऱ्यांचं. नेगोतिनच्या शाळेत मास्तरीण. बावीस वर्षांपूर्वी स्लाविशाशी लग्न करून आली, तेव्हापासून सासूशी तिचं भांडण कधी झालं नाही आणि गूळपीठही कधी जमलं नाही. जेवायला यायची, भांडी विसळायची, आणि घरात व्लाख बोलणं सुरू झालं की खिडकीतून बाहेर बघत बसायची.

तीच आता रोज उजाडायच्या आत बारा किलोमीटर गाडी चालवत यायची, पाणी वाहायची आणि तशीच शाळेला जायची.

पहिले दोन दिवस त्राइलो अंथरुणातून उठलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी ओसरीवर आला आणि त्याने नाव ऐकलं. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तो उठलाही. पण द्रागाना वर आली ती भिजल्या बुटांनी. कॉफी करून दोन कप घेऊन त्याच्या शेजारी बसली. बावीस वर्षांत कधी बसली नव्हती. म्हणाली, "बाबा, आईंना आज बरं वाटलं असेल." त्याने कॉफी घेतली आणि तो गप्प राहिला. पाचव्या दिवशी सांगणं अवघड झालं. दहाव्या दिवसापर्यंत ती चूक तिची उरलीच नव्हती, त्याची झाली होती.

तिच्या मनात काय होतं ते त्याला कळत होतं. घरात ब्रिंदुशा म्हणतात हे तिला ठाऊक होतं. पण ते तिला लाडाचं नाव वाटायचं. दवाखान्याच्या फायलीवर व्हेस्ना, दोघं व्हिएन्नाला कामाला होती तेव्हाच्या पासपोर्टवर व्हेस्ना, आणि मातीच्या दिवशी पाद्र्याने कागदावर बघून वाचलं तेही व्हेस्ना. देवाच्या कामाला खरं नाव घ्यावं, असं एखाद्या मास्तरणीला वाटणारच. ब्रिंदुशाचा बाप एकोणीसशे चोपन्न साली मुलीचं नाव लावायला कचेरीत गेला, तेव्हा कारकून म्हणाला होता की ब्रिंदुशा असं नाव यादीत नाही. कसलं फूल आहे ते? बर्फ वितळताना उगवतं? मग व्हेस्ना लिहितो, वसंतच तो. बापाने अंगठा दिला आणि घरी येऊन कुणाला सांगितलंही नाही. पोरीला शाळेत गेल्यावर कळलं की आपण व्हेस्ना आहोत.

अलीकडे रोज संध्याकाळी त्राइलो खिडकीत एक पेला भरून ठेवायचा आणि हळूच हाक मारायचा, "ब्रिंदुशा." पुरुषाच्या हातचं पाणी तिकडे चालत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी ठेवायचा. आणि स्वतः जेवताना पाणी प्यायचं त्याने सोडलं होतं. त्यामागे काही विचार नव्हता. घशाखाली उतरायचंच नाही.

आज ओढ्यावर लेंका सगळ्यांसमक्ष विचारणार होती, पाणी कोणाचं. त्याआधी सुनेला सांगायलाच हवं होतं.

तो स्वयंपाकघरात गेला. शेजारणी अंगणात टेबलं मांडत होत्या. मृताची जागा पूर्वेच्या टोकाला, तिथे नवं ताट, नवा चमचा, खुर्चीवर ब्रिंदुशाची नवी लोकरी बंडी. आत द्रागाना एकटीच होती. वेणीसारखे विणलेले पाव ती परातीत मांडत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. त्याला बघून ती दचकली, मग तिने एप्रनच्या खिशातून शाळेची वही काढली.

म्हणाली, कुणाला सांगू नका बाबा. ओढ्यावर जे म्हणायचं ते मी तुमच्या भाषेत म्हणणार आहे. आत्याबाईंनी शिकवलं, दर शनिवारी. मी आपल्या लिपीत लिहून घेतलंय, नाव घ्यायचं तिथे रेघ मारून ठेवलीय. स्लाविशालाही माहीत नाही.

तिने वही पुढे केली. दोन पानं भरली होती. शब्दांखाली लाल शाईच्या खुणा होत्या, कुठे थांबायचं, कुठे आवाज लांबवायचा त्याच्या. मधे एक रिकामी रेघ.

"बाबा, एकदा ऐकता का? चुकलं तर सांगा."

त्राइलोने वही हातात घेतली. त्या रेघेवर बोट ठेवलं असतं तर काम झालं असतं. तो म्हणाला, "तू चुकणार नाहीस," आणि वही परत देऊन बाहेर आला.

बाहेर मिता आला होता.

मिता ब्रिंदुशाचा धाकटा भाऊ. बोर शहराच्या तांब्याच्या खाणीत इंजिनियर होता, निवृत्त झाल्यावर त्याने एक मंडळ काढलं होतं. आपण व्लाख नाही, आपण रुमानियनच, आपली भाषा शाळेत हवी, देवळात हवी, हे मंडळाचं म्हणणं. ऑक्टोबर होता, जनगणना चालू होती, त्यामुळे महिनाभर त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. एका हातात वाइनची बाटली आणि दुसऱ्या हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन तो गाडीतून उतरला. स्लाविशा फाटकात उभाच होता. स्लाविशा नेगोतिनला सरकारी कचेरीत बांधकाम परवान्यांच्या टेबलावर बसायचा आणि त्याचं म्हणणं सरळ होतं, सर्बियात जन्मलो, सर्बियाचा पगार खातो, सर्ब आहे.

"मामा, आज आईचं जेवण आहे," तो म्हणाला. "सभा नाही."

"मग पत्रकावर ताट ठेवा. टेबलक्लॉथ वाचेल."

"ताट घसरेल त्यावरून. फार गुळगुळीत लिहिलंय."

मिता हसला. भाच्यावर त्याचा जीव होता, त्याला सायकल त्यानेच शिकवली होती. पण हसता हसता त्याने गठ्ठा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलाच, आणि स्लाविशाने तो उचलून त्याच्या गाडीत नेऊन ठेवला. मग दोघांची जुंपली. मिता म्हणत होता की घरात आपण स्वतःला काय म्हणतो? रुमान म्हणतो. व्लाख हे दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव. स्लाविशा म्हणत होता की रुमानियात जा आणि बोलून बघा, ते तुमच्याकडे टकामका बघतील आणि इंग्रजीत विचारतील कुठून आलात. मिता म्हणाला, तुझ्या कचेरीत व्लाख बोललास तर तुझा साहेब काय करेल? स्लाविशा म्हणाला, साहेबही व्लाखच आहे, तोही बोलत नाही. यावर मात्र अंगणातल्या बायकाही हसल्या.

लेंका भिंतीशी खुर्ची टाकून बसली होती, काठी दोन पायांच्या मधे रोवून. ती म्हणाली, "ब्रिंदुशा जिवंत असताना तुम्ही दोघं तिच्यासमोर असं बोलत नव्हता. लाटणं घेऊन उठायची ती."

त्राइलो बहिणीकडे बघत राहिला. किती सहज तिने ते नाव घेतलं. अक्काला सांगावं का? पण अक्का ते स्वतःशी ठेवणारी नव्हती. चाळीस दिवस आपल्याकडून नियम मोडला गेला हे तिला सहन झालं नसतं.

तेवढ्यात फाटकातून गणनेवाली पोरगी आली. पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. मांडलेली टेबलं आणि खुर्चीवरची बंडी पाहून ती ओशाळली, पुन्हा येते म्हणाली. पण मेलेल्याच्या जेवणावरून कुणी उपाशी परत जात नाही. लेंकाने तिला बसवलं, उकडलेले गहू आणि साखर पुढ्यात ठेवली, आणि खाता खाता काय विचारायचं ते विचार म्हणाली.

स्लाविशा आणि मिता दोघेही त्राइलोच्या मागे येऊन उभे राहिले, एक डाव्या खांद्याशी, एक उजव्या.

घरात किती माणसं, पोरीने विचारलं.

"दोन," त्राइलो म्हणाला.

दुसऱ्या माणसाचं नाव विचारायला तिने बोटं उचलली, आणि मग तिची नजर खुर्चीवरच्या बंडीकडे गेली. आवाज खाली आणून ती म्हणाली, "आजोबा, सप्टेंबरअखेर जे हयात होते त्यांनाच धरायचं असतं."

"मग एक लिही."

तिने एक लिहिलं. जन्मसाल, शिक्षण, सरपण की वीज, सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली की पुढच्या प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, पण तुमची जमात काय लिहू?

अंगणात चमच्यांचा आवाज थांबला. मिताने घसा खाकरला. स्लाविशा खाकरला नाही, पण त्याचा श्वास त्राइलोच्या मानेला लागत होता.

"व्लाख," त्राइलो म्हणाला.

"दाजी," मिता म्हणाला, "घरात जे म्हणतो ते सांगायचं की."

"तिने सर्बियनमध्ये विचारलं. सर्बियनमध्ये मी व्लाख. घरात मला कुणी विचारत नाही."

पोरीने लिहिलं. मातृभाषाही तीच लिहिली. मिता दुसरीकडे तोंड करून बसला आणि स्लाविशा म्हणाला, चला, दोघांनाही काही मिळालं नाही. पोरगी गहू संपवून, लेंकाच्या हाताला ओठ लावून निघून गेली. त्राइलोच्या मनात मात्र त्यातलं काही राहिलं नाही. एक लिही म्हणालो, तेवढंच कानात राहिलं.

दुपारच्या आधी सगळे ओढ्यावर गेले. पुढे द्रागाना. तिच्या हातात वाळक्या भोपळ्याची अर्धी वाटी, वाटीत मेणबत्ती आणि झेंडूची दोन फुलं, काखेत ती चाळीस खाचांची काठी. मागे लेंका, तिला एका बाजूने मिताने धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूने स्लाविशाने. आळीतली दहा-बारा माणसं होती. त्राइलो सर्वांत मागे. वाटेत दोनदा त्याने पाय उचलला, पुढे जाऊन सुनेला गाठावं म्हणून. गुडघ्याने ऐकलं नाही असं तो स्वतःला म्हणाला. गुडघा बरा होता.

वळणापाशी ओढा रुंद होतो तिथे द्रागाना बूट काढून पाण्यात उतरली. पाणी गार होतं, तिची पावलं लाल झाली. मेणबत्ती पेटवली. आणि मग तिने व्लाख भाषेत सुरुवात केली.

कुणीच तयारीत नव्हतं. सूर्या, तू साक्षी राहा, ती म्हणाली, ओढ्या, तू साक्षी राहा, मी चाळीस दिवस पाणी वाहिलं, पहाटे वाहिलं, पावसात वाहिलं, कुणाशी वाटेत बोलले नाही. उच्चार थोडे घट्ट होते, पण एक शब्द चुकला नाही. जिथे आवाज लांबवायचा तिथे लांबवला. स्लाविशा बायकोकडे असा बघत होता जणू ती त्याला आजच भेटली. ही भाषा तिला यावी यासाठी त्याने बावीस वर्षांत कधी काही केलं नव्हतं. तिला कळू नये म्हणून तो कधी कधी तीत बोलायचा. मिताने टोपी काढली होती आणि डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं. मंडळाच्या कुठल्या कार्यक्रमात असं झालं नव्हतं.

लेंका काठावरून म्हणाली, "बाई, हे पाणी कोणाचं?"

"व्हेस्नाचं," द्रागाना म्हणाली.

ओढ्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला.

"कोणाचं?"

"व्हेस्नाचं, आत्याबाई."

"रोज हेच म्हणालीस? चाळीसही दिवस?"

द्रागानाने मान हलवली. काहीतरी चुकलं हे तिला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. ती वही आठवत असावी, ओळ न् ओळ. लेंकाने दोघांचे हात सोडवले आणि काठी टेकत पाण्यात उतरली, खुब्याची पर्वा न करता. तिने ती वाटी द्रागानाच्या हातून काढून घेतली.

"सोडू नकोस. या नावाची बाई आमच्यात मेली नाही."

मिताने टोपी डोक्यावर घातली. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "चाळीस दिवस माझी बहीण तहानेली उभी आहे. आणि पाणी कुणाला गेलं? त्या कारकुनाने कागदावर जी जन्माला घातली, तिला."

"मामा, तोंड सांभाळा. आईच्या पासपोर्टवर काय होतं?"

"मेल्यावर पासपोर्ट बघतात का रे? तुझ्या कचेरीसारखी रांग असते तिकडे?"

"आणि तुम्ही कुठे होता चाळीस दिवस? पत्रकं वाटत. एक दिवस तरी आलात ओढ्यावर?" स्लाविशा तोडून बोलला, आणि मग राग दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून बायकोवर वळला. "तू तरी एकदा विचारायचंस की. वही करता येते, दोन शब्द विचारता येत नाहीत?"

द्रागाना पाण्यातच उभी होती, हात पुढे, वाटी अजून हातात असल्यासारखे. बाकीच्या बायका आपसात कुजबुजल्या. बाहेरची ती बाहेरचीच, असं कुणीतरी व्लाखमध्ये म्हणालं. आता तेवढं व्लाख तिला कळत होतं.

"तिला बोलू नका," त्राइलो म्हणाला. "मला माहीत होतं."

सगळे वळले.

"तिसऱ्या दिवशी ऐकलं. त्यानंतर रोज ऐकलं."

लेंका म्हणाली, "ऐकलंस आणि गप्प बसलास?"

"बसलो."

"बायको तिकडे कोरडी, आणि तू ओसरीवर गप्प बसलास. का?"

त्राइलोला पुष्कळ कारणं ठाऊक होती. चाळीस दिवस तो ती जुळवत होता. त्यातलं एकही आत्ता कामाचं नव्हतं.

"ती रोज यायची," तो म्हणाला. "कॉफी करून माझ्याजवळ बसायची. चुकलीस म्हणालो असतो तर आली नसती."

स्लाविशा खाली बघू लागला. बाप महिनाभर एकटा होता आणि तो स्वतः रविवारी येऊन गवत कापून जात होता, ते त्याला आठवलं असेल.

द्रागाना पाण्यातून बाहेर आली, अनवाणी, आणि सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "आले असते, बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी बरोबर नाव घेऊन आले असते. एवढंच झालं असतं."

"आता कळतंय."

ती रडली नाही. रुमालाच्या टोकाने तिने नाक पुसलं आणि लेंकाला विचारलं, यावर काही करता येतं का. लेंका म्हणाली, तिने असं कधी पाहिलं नाही. नाव चुकलेलं पाणी परत घेता येत नाही. ते गेलं.

मिता म्हणाला, "हवेत गेलं."

"हवेत नाही गेलं," त्राइलो म्हणाला. तो काठावरच्या दगडावर बसला. "मिता, तू व्हिएन्नाला किती वेळा आलास आमच्याकडे?"

"दोनदा."

"रविवारी आलास. दोन्ही वेळा. कामाच्या दिवशी आला असतास तर व्हेस्ना भेटली असती तुला." तो थांबला, मग बोलू लागला. एवढं सलग तो बायको गेल्यापासून बोललाच नव्हता. एकोणीस वर्षं ती तिथल्या एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात होती. तिथे तिला ब्रिंदुशा म्हणणारं कुणी नव्हतं. फ्राउ व्हेस्ना, म्हणजे व्हेस्नाबाई, इकडे या, फ्राउ व्हेस्ना चादरी न्या. तळघरात वाफ एवढी की समोरचं माणूस दिसायचं नाही, आणि पाणी प्यायला मिळायचं ते सुट्टी झाल्यावरच. "संध्याकाळी घरी यायची ती कोट न काढता नळापाशी जायची. तीन पेले. उभ्यानेच. तिसरा प्यायली की मग म्हणायची, आता मी आले. तोवर बोलायची नाही माझ्याशी."

ओढ्यात मेणाचा एक थेंब पडला. मेणबत्ती लेंकाच्या हातातल्या वाटीत जळतच होती.

"ब्रिंदुशा इथे वाढली, झऱ्याकाठी. तिला कुठली तहान. तहान लागायची ती व्हेस्नाला. चाळीस दिवस पाणी तिला गेलं असेल, तर मला वाईट वाटत नाही. माझ्या मनात हे आज आलं, इथे. आधी आलं असतं तर बरं झालं असतं."

लेंका बराच वेळ वाटीकडे बघत राहिली. ऐंशी वर्षांत तिने किती पाणी वाहिलं आणि सोडलं त्याची मोजदाद नव्हती, आणि नियमात कुठे तरी याला जागा आहे का हे ती शोधत असावी. शेवटी तिने वाटी द्रागानाच्या हातात दिली.

"हे व्हेस्नाचं. सोड."

"आणि आई?" स्लाविशाने विचारलं.

"तिचं उद्यापासून. पहिल्यापासून. चाळीस." लेंका द्रागानाकडे वळली. "तू वाहणार की दुसरं कुणी बघू? नोव्हेंबर लागेल. धुकं असेल रस्त्यावर."

"मीच," द्रागाना म्हणाली.

स्लाविशा म्हणाला, एका बाईचं दोनदा पाणी वाहिलं असं गावात कधी झालंय का, लोक काय म्हणतील. मग बायकोच्या लाल पावलांकडे त्याचं लक्ष गेलं. तो वाकला, तिचे बूट उचलले आणि ते हातात धरून उभा राहिला. पहाटे गाडी मी चालवीन, एवढंच म्हणाला.

द्रागाना परत पाण्यात गेली. साक्षीचे शब्द तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटले. वाटी आणि काठी दोन्ही तिने पाण्यावर ठेवली. काठी आधी पुढे गेली. वाटी वळणापाशी एका मुळीला अडकली, गोल फिरली, आणि ज्योत न विझता सुटली. बायकांपैकी जी बाहेरची म्हणाली होती, तिनेच पुढे होऊन द्रागानाला हात दिला.

परत फिरताना मिता मागे राहिला. त्राइलोने मान वळवून पाहिलं. मिता काठावरच्या वाळुंजात शिरला होता. बरोबर अंगठ्याएवढी जाड, सरळ फांदी शोधून त्याने ती खिशातल्या चाकूने कापली, पानं काढली, साल सोलली, आणि धावत येऊन द्रागानाच्या हातात दिली. म्हणाला, "खाच फार खोल पाडू नकोस. ओली आहे, मोडेल." सर्बियनमध्ये म्हणाला. मंडळ काढल्यापासून तो तिच्याशी सर्बियन बोलायचा नाही.

जेवताना प्रत्येक पदार्थ लेंकाने नाव घेऊन मृताच्या ताटात वाढला. पाव व्हेस्नाला, पाव ब्रिंदुशाला. मासे व्हेस्नाला, मासे ब्रिंदुशाला. दुसऱ्यांदा वाढताना स्लाविशा मिताच्या कानाशी लागून म्हणाला, मामा, आता गणनेवाल्या पोरीला परत बोलवावं लागेल. मिता घास तोंडात असतानाच हसला आणि त्याला ठसका लागला. लेंकाने काठी आपटली.

दुसऱ्या दिवशी त्राइलो अंधारातच उठला. चुलीत लाकूड घातलं, ओसरीवर आला. रविवार होता, शाळा नव्हती. झोपू दे तिला, त्याने स्वतःला सांगितलं. रविवारी एखाद्याला उशीर होतो. पूर्वेला टेकडीच्या वर थोडं पिवळं झालं होतं तेव्हा खालच्या वळणावर गाडीचे दिवे दिसले. गाडी फाटकापाशी थांबली. स्लाविशा आतच बसून राहिला, काच खाली करून. द्रागाना उतरली, कुणाशी बोलली नाही, कारण वाटेत बोलायचं नसतं. खांबाजवळची बादली घेऊन ती अक्रोडाखाली गेली.

बादली भरल्याचा आवाज आला. मग ती सरळ उभी राहिली, रुमाल नीट केला, आणि थोडा वेळ थांबली.

"हे पाणी ब्रिंदुशाला पोचो."

त्राइलो आत गेला. खिडकीत काल संध्याकाळचा पेला होता, काठोकाठ. त्याने तो उचलला आणि खिडकीपाशी उभ्यानेच सगळा पिऊन टाकला. मग कॉफीसाठी पाणी ठेवलं, तीन कपांचं.